‘उडता पंजाब’मधली सुई आणि बोर्डाची कात्री

१३ जून २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉर बोर्डाने कापाकापीसाठी अडवलेल्या, पंजाबातल्या नशेवरच्या ‘उडता पंजाब’ या हिंदी चित्रपटाचा रस्ता मोकळा केला. न्या. सत्यरंजन धर्माधिकारी आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी यांच्या खंडपीठाने सांगितलं, की एक कट आणि सुरुवातीच्या निवेदनात थोडे बदल एवढं करा, आणि ४८ तासांत ‘ए’ प्रमाणपत्र द्या. चार दिवसांनी, १७ जूनला, चित्रपट लागला. त्या दोन आठवड्यांत वर्तमानपत्रं आणि वाहिन्या या विषयाने भरून गेल्या होत्या. पण चर्चा कशाची? चित्रपटाचे एक निर्माते अनुराग कश्यप विरुद्ध बोर्डाचे अध्यक्ष पहलाज निहलानी या कुस्तीची, शिव्यांची आणि पंजाबच्या निवडणुकीची. पडद्यावर नशा दाखवायची तर किती जवळून आणि कुणाच्या नजरेने, हा प्रश्न त्या गदारोळात कुणाला सुचलाच नाही. मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी.

आधी चित्रपट. दिग्दर्शक अभिषेक चौबे, लेखन सुदीप शर्मा आणि चौबे यांचं. निर्मिती फँटम फिल्म्स आणि बालाजी मोशन पिक्चर्स यांची. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडून एक थाळीफेकपटू हेरॉइनचं पाकीट भिरकावतो आणि ते पंजाबातल्या एका शेतात येऊन पडतं. त्याच्या पाठीवर पाकिस्तानी संघाचं नाव आहे. विनोदी आणि भीषण अशी ही सुरुवात आहे, आणि पुढचा सगळा चित्रपट या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत राहतो. ते पाकीट सापडतं बिहारहून मजुरीला आलेल्या, एके काळी हॉकी खेळलेल्या मुलीला (आलिया भट). ती ते विकायला निघते, घाबरते, पाकीट विहिरीत टाकते आणि टोळीच्या हाती लागते. पुढे तिला कोंडून, सुया टोचून नशेला लावलं जातं. दुसरीकडे टॉमी सिंग (शाहिद कपूर) हा नशेवर गाणी करून तरुणांचा देव झालेला गायक आहे. तिसरा सरताज (दिलजित दोसांझ), नाक्यावर पैसे घेऊन ट्रक सोडणारा पोलीस. त्याचा धाकटा भाऊ बल्ली नेमक्या त्याच मालाच्या आहारी गेला आहे, हे त्याला ठाऊक नाही. आणि चौथी प्रीत (करीना कपूर), व्यसनमुक्ती केंद्र चालवणारी डॉक्टर.

या कथेला आधार नव्हता असं म्हणायची सोय नव्हती. दिल्लीच्या ‘एम्स’मधलं व्यसनोपचार केंद्र आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी २०१५ मध्ये पंजाबच्या १० जिल्ह्यांत पाहणी केली होती. तिच्या अंदाजानुसार राज्यात अफूवर्गातल्या पदार्थांच्या आहारी गेलेले सुमारे २ लाख ३२ हजार लोक होते, आणि त्यांतले बहुसंख्य १८ ते ३५ वयाचे. हेरॉइनला तिकडे ‘चिट्टा’ म्हणतात. शीर्षक चालू असताना वाजणारं, अमित त्रिवेदी यांनी संगीत दिलेलं गाणंही ‘चिट्टा वे’च आहे.

चित्रपट केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे गेला. आपण सगळे त्याला सेन्सॉर बोर्डच म्हणतो, मीही इथे बोर्डच म्हणणार आहे. तपासणी समितीनंतर तो पुनरीक्षण समितीपुढे गेला आणि तिने १३ कलमांची यादी हातात ठेवली. कलमं १३ असली तरी एकेका कलमात इतक्या जागा येत होत्या, की ‘८९ कट’ हा आकडा सगळीकडे फिरला.

ती यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. पंजाबची पाटी काढा. पंजाब, जालंधर, चंदीगड, अमृतसर, तरनतारन, लुधियाना, मोगा ही नावं संवादांतून आणि पार्श्वभूमीतून काढा. इलेक्शन, एमपी, एमएलए, पार्टी, पार्लमेंट हे शब्द काढा. गाण्यांतले अमुक शब्द काढा, त्यात खुद्द ‘चिट्टा’ही. ‘जमीन बंजर ते औलाद कंजर’ हे वाक्य काढा. कुत्र्याचं नाव ‘जॅकी चेन’ आहे, ते काढा. टॉमी गर्दीवर लघवी करतो, ते काढा. आणि नशेची इंजेक्शनं टोचून घेतानाचे क्लोज-अप काढा.

म्हणजे नशेच्या दृश्यांशी थेट संबंध असलेलं कलम एकच, सुईचं. बाकी यादीला नशेपेक्षा भूगोल आणि राजकारण जास्त खुपत होतं. तेव्हा पंजाबात अकाली दल आणि भाजप यांचं सरकार होतं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये विधानसभेची निवडणूक व्हायची होती. गावांची नावं काढली तर हा चित्रपट कुठे घडतो, हेच उरत नाही. नशेचा प्रश्न ‘कुठेतरी’ असतो असं दाखवलं की कुणालाच लागत नाही आणि कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही. गोव्याच्या लोकांना ही नाराजी परकी नाही. २०११ मध्ये एका चित्रपटातल्या संवादावरून गोव्याची बदनामी होते म्हणून प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि ती तक्रार मला निराधार वाटली नव्हती. हिंदी चित्रपटाने गोव्याला कित्येक वर्षं फुकटची दारू आणि गोळ्या यांचं गोदाम करून ठेवलं आहे. पण ‘उडता पंजाब’ने पंजाबला मौजेचं ठिकाण म्हणून वापरलं नव्हतं. गंमत अशी, की या चित्रपटात गोवा अगदी उलट अर्थाने येतो. कोंडलेल्या त्या मुलीला खिडकीतून गोव्याच्या पर्यटनाची जाहिरात दिसते, आणि तिच्या लेखी गोवा म्हणजे जिथे सुई नाही अशी जागा.

आता सुईच्या कलमाकडे येतो. बोर्डाची बाकी यादी हास्यास्पद होती म्हणून हेही कलम हास्यास्पद ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. मला तसं वाटत नाही. ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की व्यसनाला उत्तेजन देणारी, त्याचं समर्थन करणारी किंवा त्याला झळाळी देणारी दृश्यं दाखवली जाऊ नयेत. शिवाय व्यसनमुक्तीच्या कामातल्या कुणालाही विचारा: सुटलेल्या माणसाला पुन्हा ओढ लागायला पदार्थ समोर असावा लागत नाही. चांदीचा कागद, लायटर, चमचा, सिरिंज नुसती दिसली तरी पुरते. याला ‘क्यू’ म्हणतात आणि त्यावर भरपूर संशोधन झालं आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. गर्दवरचं, म्हणजे ब्राऊन शुगरवरचं, अवचटांचं लेखन वाचलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने सांगायला नको. गर्दुल्ल्याची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, काय असते, हे आपल्याकडे पडद्यापेक्षा आधी कागदावर आलं.

तेव्हा सुई जवळून दाखवावी का, हा प्रश्न खराच आहे. तो इतरांनाही पडला होता. हॉलिवूडच्या जुन्या आचारसंहितेत अमली पदार्थांचा विषयच वर्ज्य होता. १९५५ मध्ये ऑटो प्रेमिंजरने फ्रँक सिनात्राला घेऊन हेरॉइनच्या व्यसनावर ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ केला, तेव्हा त्याला मान्यतेचा शिक्का मिळाला नाही. त्याने तो शिक्क्याशिवायच प्रदर्शित केला आणि पुढच्याच वर्षी संहितेतला तो नियम सैल झाला. त्या चित्रपटात टोचणं दिसत नाही. कॅमेरा जातो तो सिनात्राच्या डोळ्यांवर, आणि माझ्या मते ते सुईपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. ब्रिटनच्या मंडळाने ‘पल्प फिक्शन’च्या व्हिडिओ आवृत्तीत सुई कातडीत जातानाचा शॉट कापला नाही, चौकट सरकवून सुई बाहेर ठेवली. म्हणजे दृश्याचा अर्थ न मोडता काळजी घेण्याच्या वाटा होत्या. आपल्या बोर्डाने सरसकट ‘जिथे जिथे असतील तिथून काढा’ असं म्हटलं. कोणती सुई, कुणाच्या दंडात, कुणाच्या इच्छेने, याचा विचार नाही.

आणि या चित्रपटात तोच तर विचार करायचा आहे. आलियाच्या पात्राला टोचलेली सुई ही तिच्यावर झालेली मारहाण आहे. तिथे झिंग नाही, रंग नाहीत. मळकट खोली, पकडून धरलेला हात आणि नंतर निर्जीव पडलेला चेहरा. छायालेखक राजीव रवी यांनी या खोलीला उजेड दिलाय तो इतका मंद, की आपणच डोळे ताणून बघतो आणि बघितल्याबद्दल आपल्यालाच कसंतरी होतं. बल्लीची सुई निराळी, ती मित्रांच्या संगतीतली, जवळच्या औषधांच्या दुकानाइतकी सहज. आणि टॉमीची नशा तर सुईची नाहीच. ती नाकाने ओढायची पावडर आहे, लेझरचे झोत आहेत, उघडं अंग आहे, हजारोंची किंकाळी आहे. झिंग कशी असते हे प्रेक्षकाला आतून अनुभवायला मिळतं ते फक्त टॉमीच्या वाट्याच्या भागात.

म्हणून झळाळीचा आरोप करायचाच असेल तर तो टॉमीच्या मंचावर व्हायला हवा होता. ‘चिट्टा वे’ ऐकताना पाय ठेका धरतोच. हिंदी चित्रपटाचा हा जुना घोळ आहे. १९७१ मध्ये देव आनंदने काठमांडूतल्या हिप्पींची वाताहत दाखवायला ‘हरे राम हरे कृष्ण’ केला. बहिणीच्या शोकांतिकेचा तो चित्रपट, पण लोकांच्या ओठांवर राहिलं ते आशा भोसले यांच्या आवाजातलं ‘दम मारो दम’. संहिता एक सांगते, गाणं दुसरंच करून जातं. कथा थिएटरात राहते आणि गाणं लग्नाच्या वरातीत पोहोचतं. नियम लिहिणाऱ्यांना हे कधी उमगलं नाही, कारण नियम दृश्यांकडे बघतो.

‘उडता पंजाब’ला मात्र हा घोळ उमगला होता. माझ्या मते तेच त्याचं सगळ्यात मोठं बळ. टॉमी तुरुंगात जातो तेव्हा तिथे त्याला दोन कोवळी पोरं भेटतात. त्याची चाहती. त्याची गाणी तोंडपाठ. ती त्याच्यासमोर गातात, आणि मग कळतं, की नशेला पैसे दिले नाहीत म्हणून त्यांनी आईला मारलं आहे. ती बढाई मारत नाहीत, रडतही नाहीत. शाहिद कपूरचा चेहरा तिथे जे करतो ते त्याच्या कारकिर्दीतलं उत्तम काम असावं. आपल्याच गाण्याची चाल कानावर पडतेय आणि ती थांबवता येत नाही, असा तो चेहरा. चित्रपटाने सुरुवातीला प्रेक्षकाला ज्या गाण्यावर डोलायला लावलं, त्याची पावती इथे आणून समोर ठेवली. नशाविरोधी जाहिरातीत हे कधी होत नाही, कारण जाहिरात आधी प्रेक्षकाला डोलायलाच लावत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर टॉमी पुन्हा मंचावर उभा राहतो. लोकांना तेच हवंय. तो मात्र सांगू लागतो, की तुम्ही एका मूर्खाला मोठा विचारवंत समजून बसला आहात, मी फक्त नशा केली आणि नशेवर गाणी रचली. गर्दी चिडते, हुर्यो करते. आणि मग तो त्यांच्यावर लघवी करतो.

उच्च न्यायालयाने कायम ठेवलेला एकमेव कट हाच.

खंडपीठाचा बाकी निकाल वाचताना कुणालाही बरं वाटावं. याचिका ८ जूनला दाखल झाली आणि निकाल पाच दिवसांत आला, हेही आपल्याकडे नवलच. गावांची नावं, पाट्या किंवा निवडणुकीचे शब्द आल्याने देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का बसत नाही. चित्रपट कुठे घडतो हे ठरवणं निर्मात्याचं काम आहे. दृश्य सुटं काढून नव्हे, सबंध चित्रपटाच्या संदर्भात बघायचं. हा शेवटचा मुद्दा नवा नव्हता. १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं होतं. त्याच कसोटीवर सुईचे क्लोज-अप टिकले. सुनावणीत खंडपीठाने आजचा प्रेक्षक प्रगल्भ आहे असंही सुनावलं.

पण संदर्भाची हीच कसोटी लघवीच्या दृश्याला लावली असती तर? माझं मत असं, की तेही राहायला हवं होतं. ते किळसवाणं आहे यात वाद नाही. ते किळसवाणं असणं हाच तिथला मजकूर आहे. देव मानलेल्या माणसाने भक्तांशी नातं तोडायचं, तर भाषणाने तुटत नाही. भाषण त्याने करून पाहिलेलं असतं. नशेच्या झळाळीला चित्रपट जिथे सगळ्यात उघडपणे लाथ मारतो, तिथेच कात्री लागली. आणि निर्मात्यांची बाजू तरी त्यासाठी अडून बसली होती असं नाही. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना जवळजवळ सगळी यादी सुटत असेल तर उरलेल्या एका कटासाठी कोण भांडेल? व्यवहार म्हणून ते योग्यच होतं.

दुसरी अट निवेदनाची. त्यातून पाकिस्तानचा उल्लेख गेला, आणि आम्ही अमली पदार्थांना वा शिवीगाळीला उत्तेजन देत नाही, अशा अर्थाचा मजकूर आला. सिगारेट पेटली की खाली येणाऱ्या पट्टीची आपल्याला इतकी सवय आहे, की निवेदन चालू असताना प्रेक्षक पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतो. त्याने कुणाचं नुकसान झालं नाही, एवढंच.

चित्रपटाला सगळं माफ करायचं असंही नाही. सरताज आणि प्रीत कागदपत्रं शोधत कारखान्यातून पुढाऱ्यापर्यंत पोहोचतात, तो भाग शाळकरी हेरकथेसारखा झाला आहे. शेवटाकडे गोळीबारात सगळे हिशेब मिटवण्याची घाई दिसते. बल्ली केंद्रातून पळताना प्रीतला मारतो, ही घटना इतकी भयंकर आहे, की तिच्यासाठी चित्रपटाने जास्त वेळ द्यायला हवा होता. ज्यांनी असे रुग्ण सांभाळले आहेत त्यांना त्या दृश्यात रुग्ण म्हणजे धोका एवढंच दिसू शकतं, आणि ती तक्रार मला पटते. व्यसनी माणूस बहुतेक वेळा स्वतःलाच संपवत असतो. आलियाच्या पात्राला मात्र पटकथेने न्याय दिला. कुणी येऊन वाचवेल याची ती वाट बघत बसत नाही. ती स्वतः निघते, आणि शेवट गोव्याच्या समुद्रात होतो. तिला त्या वर्षीचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला.

निकालानंतरही चार दिवस सुखाचे गेले नाहीत. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी अख्खा चित्रपट इंटरनेटवर आला. फिरणाऱ्या प्रतीवर ‘फॉर सेन्सॉर’ अशी खूण दिसत होती. मुलांनी सुई बघू नये म्हणून एवढा खटाटोप, ‘ए’ प्रमाणपत्र, न्यायालय, आणि प्रत कुठल्याही पोराच्या फोनवर, न कापलेली. पंजाबातून चित्रपट थांबवण्याचे प्रयत्न शेवटच्या दिवसापर्यंत झाले, पण सर्वोच्च न्यायालयाने १६ जूनला हस्तक्षेप केला नाही.

पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. बोर्डाच्या कामात सुधारणा सुचवायला नेमलेल्या श्याम बेनेगल समितीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अहवाल दिला होता: बोर्डाने वयोगट ठरवावा, कापाकापी करू नये. कापण्याचा अधिकार आजही आहे. निहलानी ऑगस्ट २०१७ मध्ये अध्यक्षपदावरून गेले, त्यांच्या जागी प्रसून जोशी आले. बोर्डाविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. फँटम आणि बालाजी यांना ते परवडलं. नशेवर आपला पहिलाच मराठी चित्रपट करणाऱ्या नवख्या निर्मात्याला प्रदर्शनाच्या आठवड्यात ज्येष्ठ वकील उभा करता येईल का, हे कुणीही सांगू शकेल. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे केले, ही चांगली गोष्ट.

आणि सुदीप शर्मा? २०२३ मध्ये ‘कोहरा’ या मालिकेचे एक निर्माते-लेखक म्हणून ते पुन्हा पंजाबात गेले, पुन्हा पोलीस आणि पुन्हा नशा. ती नेटफ्लिक्सवर आली. तिथे बोर्डाची खिडकीच नाही, पडद्याच्या कोपऱ्यात वयोगट आणि दोन-चार शब्दांत इशारा येतो, आणि पुढे पंजाब पंजाबच राहतो.